स्पर्धेचा शुभंकर पहिल्यांदाच घडवताय? विषय निवडण्यापासून पोशाख धुण्यापर्यंत सगळं पायरीपायरीने

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा असोत, शहराची मॅरेथॉन असो की विद्यापीठाचा क्रीडा महोत्सव, आयोजन समितीच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीत 'शुभंकर हवा' हा विषय निघतोच. मग ते काम बोधचिन्ह करणाऱ्या डिझायनरकडे 'जाता जाता एक वाघही काढून दे' म्हणून जातं आणि पहिली चूक तिथेच होते. बोधचिन्ह कागदावर आणि पडद्यावर राहतं. शुभंकर मैदानात उतरतो, संचलनात चालतो, उन्हात नाचतो, पोरं त्याची शेपटी ओढतात. त्याच्या आत एक माणूस घाम गाळत उभा असतो. त्यामुळे पहिली रेघ ओढतानाच दोन माणसं डोळ्यांसमोर हवीत: हे चित्र वहीच्या मागच्या पानावर काढून बघणारं मूल आणि हा पोशाख अंगावर चढवणारा कलाकार. खालची प्रत्येक पायरी या दोघांना धरून लिहिली आहे.

शब्दाबद्दल थोडं. इंग्रजीतला 'मॅस्कॉट' फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ दक्षिण फ्रान्सच्या बोलीतल्या चेटकिणीसाठीच्या शब्दात आहे. त्यावरून तो नशीब घेऊन येणाऱ्या वस्तूला लागला. आपला 'शुभंकर' शब्द त्याहून नेमका आहे. शुभ करणारा, म्हणजे दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करणारा. कामाचं स्वरूप या शब्दातच आहे.

हाताशी काय हवं

काम सुरू करण्याआधी एका फाइलमध्ये एवढं जमवा:

- स्पर्धेचं अधिकृत नाव, तारखा, ठिकाणं आणि खेळांची पक्की यादी
- शुभंकर करण्याचा समितीचा लेखी ठराव आणि अंतिम मान्यता देणाऱ्या दोन-तीन व्यक्तींची नावं (पंधरा जणांच्या समितीकडून चित्र मंजूर करून घ्यायला गेलात तर पंधरा दुरुस्त्या होतात आणि चित्राचा जीव जातो)
- बोधचिन्ह आणि ठरलेले रंग
- शुभंकर कुठे कुठे वापरायचा त्याची यादी: फ्लेक्स, टी-शर्ट, पदक, प्रमाणपत्र, स्टँडी (जमिनीवर उभा राहणारा कटआउट), मऊ खेळणं, मोबाइलवरचे स्टिकर, अंगात घालायचा पोशाख
- डिझायनरशी करायच्या कराराचा मसुदा
- पोशाखासाठी वेगळी तरतूद. ती छपाईच्या खर्चात मिसळू नका

वेळ किती लागतो? निवांत करायचं तर सहा महिने. विषय आणि अर्थाला तीन आठवडे, रेखाटनाला चार, नाव आणि कायदेशीर तपासणीला तीन, पुस्तिकेला दोन, पोशाखाला सहा ते आठ आणि उरलेला वेळ दुरुस्त्यांना. बारा आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर अंगात घालायचा पोशाख सोडून द्या आणि मोठी स्टँडी करा. घाईत शिवलेला पोशाख पहिल्याच दिवशी उसवतो.

१. यजमान कोण, ते आधी ठरवा

चित्र सुचण्याआधी तीन वाक्यं लिहा. ही स्पर्धा कुठल्या मातीत होते आहे? इथे येणाऱ्या खेळाडूचं वय काय आणि तो काय मनात घेऊन येतो? तो परत जाताना या गावाची कुठली एक गोष्ट त्याच्या लक्षात राहावी? तिसऱ्या वाक्याचं उत्तर म्हणजे तुमचा शुभंकर.

गाजलेले शुभंकर बघा, प्रत्येकात हे उत्तर सापडतं. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांचा 'अप्पू' हत्तीचं पिल्लू होता आणि चाळीस वर्षांनंतरही तो लोकांना नावानिशी आठवतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकचा वाघ 'होदोरी' डोक्यावर कोरियन लोकवादकांची लांब फीत असलेली टोपी घालून आला. ती टोपी काढली तर तो कुठल्याही देशाचा वाघ झाला असता. २०२२ साली चेन्नईजवळ मामल्लपुरमला बुद्धिबळ ऑलिंपियाड झालं, तेव्हा पटावरच्या घोड्याला वेष्टी-सदरा नेसवून 'तंबी' केलं. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. ओडिशाच्या हॉकी विश्वचषकाचा 'ऑली' तिथल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवावरून आला.

उलट उदाहरण १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचं. संगणकावर घडवलेला निळा 'इझी' ना प्राणी, ना माणूस, ना वस्तू. त्याचं आधीचं नावच 'हे काय आहे?' अशा अर्थाचं होतं. लोकांनाही शेवटपर्यंत तोच प्रश्न पडला. ठिकाणाशी नातं नसेल तर तंत्र कितीही नवं असलं तरी उपयोग होत नाही.

२. विषयांची यादी करा आणि चाळणी लावा

कमीत कमी बारा विषय लिहून काढा. महाराष्ट्रात पहिली धाव राज्यचिन्हांकडे जाते: शेकरू ही मोठी खार, हरियाल पक्षी, ताम्हणाचं फूल, नीलवंत फुलपाखरू. ते चूक नाही, पण तेच सगळ्यांना सुचतं हेही लक्षात ठेवा. २००८ साली पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांचा शुभंकर 'जिगर' वाघ होता. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांचा 'शेरा'ही वाघच, जिगरचा थोरला भाऊ म्हणून मांडलेला. त्या जोडीला कारण होतं. तुमच्या तालुक्याच्या स्पर्धेला वाघ घेण्यामागे 'वाघ रुबाबदार दिसतो' याखेरीज कारण नसेल तर पुढच्या विषयाकडे वळा.

प्राणीच हवा असं नाही. पॅरिस २०२४ने 'फ्रिज' म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीची लाल टोपी घेतली. १९८६च्या मेक्सिको फुटबॉल विश्वचषकाची 'पिके' मिरची होती, १९८२च्या स्पेनचा 'नारांहितो' संत्रं. अथेन्स २००४च्या 'अथिना' आणि 'फिवोस' या भावंडांचा आकार प्राचीन ग्रीक मातीच्या बाहुलीवरून घेतला होता. आपल्याकडे लाकडी ठकी बाहुली आहे, वारली चित्रांतला नाचणारा माणूस आहे, कोकणातला नारळ आहे. वारलीचा विचार करत असाल तर एक पथ्य पाळा: वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती जिवंत समाजाची कला आहे. दोन त्रिकोण जोडून स्वतः काढू नका. वारली चित्रकाराला मानधन देऊन कामात घ्या आणि त्याचं नाव पुस्तिकेत छापा.

आता चाळणी. प्रत्येक विषयाला हे पाच प्रश्न विचारा:

- इथल्या शाळेतलं मूल त्याला नावानिशी ओळखतं का?
- त्याला दोन पायांवर उभं करता येतं का?
- त्याला हात आहेत, किंवा हातासारखं काही देता येतं का? हस्तांदोलन, टाळ्या, नमस्कार हीच शुभंकराची भाषा.
- स्पर्धेतला निदान एक खेळ तो स्वभावाने खेळतो का?
- कुठल्या समाजाच्या, पक्षाच्या किंवा देवस्थानाच्या चिन्हाशी तो भिडतो का?

तिसऱ्या प्रश्नात पक्षी अडकतात. गोव्याने राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी आधी राज्यपक्षी बुलबुलावरून 'रुबिगुला' मांडला होता. स्पर्धा लांबल्या, ३६वी स्पर्धा २०२२ला गुजरातेत झाली (तिचा शुभंकर सिंह, 'सावज') आणि २०२३ला गोव्यात ३७वी झाली तेव्हा शुभंकर होता राज्यप्राणी गवा, 'मोगा'. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. गव्याचे खांदे आणि हात माणसाच्या अंगाला सहज बसतात. पक्ष्याला पंखांच्या टोकाला बोटं फोडावी लागतात. पक्षी करूच नये असं नाही, उत्तराखंडने २०२५च्या राष्ट्रीय स्पर्धांना मोनाल पक्ष्यावरून 'मौली' केलीच. मात्र पक्षी निवडलात तर रेखाटनाला एक आठवडा जास्त धरा.

सापळा: उद्घाटनाला खराच प्राणी आणायची कल्पना कोणीतरी मांडतोच. ठाम नकार द्या. २०१६ साली ब्राझीलमध्ये मनाउसला ऑलिंपिक ज्योतीच्या कार्यक्रमात 'जुमा' ही जॅग्वार मादी साखळीला बांधून उभी केली होती. कार्यक्रमानंतर ती सुटली आणि तिला गोळी घालून मारावं लागलं. शिवाय वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचं प्रदर्शन करण्याला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे.

३. अर्थ ठरवा, पण मोजकाच

पुढच्या पायऱ्यांसाठी एक उदाहरण धरू: सह्याद्रीतल्या एखाद्या जिल्ह्यात शालेय स्पर्धा आहेत आणि शुभंकर शेकरू आहे. भीमाशंकरचं अभयारण्य याच्याच नावाने ओळखलं जातं. शेकरू झाडावरून झाडावर पाच-सहा मीटरची उडी घेतो, क्वचितच जमिनीवर उतरतो, आणि त्याची शेपटी अंगाहून लांब असते. उडीत तोल सांभाळायला ती कामी येते. आता अर्थ आपोआप हाती येतात: झेप, तोल आणि जंगलाचा शेंडा. एवढे तीन पुरेत. चौथा आला की वाचणाऱ्याला पहिला आठवत नाही.

अर्थ विषयाच्या स्वभावातून यावा, वरून डकवू नये. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाचा 'फुलेको' हा खवल्यांचं कवच असलेला आर्माडिलो, आणि त्याची ती जात संकट आलं की अंगाचा गोळा करते, अगदी चेंडूसारखा. इथे प्राणी आणि खेळ एका रेषेत आले. १९७२च्या म्युनिकचा 'वाल्डी' हा उन्हाळी ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर, आखूड पायांचा डाखशुंड कुत्रा. चिकाटी आणि चपळाई हे त्या जातीचे गुण म्हणून तो निवडला, आणि मॅरेथॉनचा मार्गही नकाशावर त्या कुत्र्याच्या आकाराचा आखला. अर्थ मैदानापर्यंत नेणं म्हणजे हे.

पट्टा, टोपी, बूट, पदक, मशाल, फेटा, लेझीम, ढाल असं सगळं एकाच शेकरूच्या अंगावर चढवायचा मोह समितीला होतो. अंगावर एकच वस्तू द्या. फेटा देणार असाल तर बाकी काही नको. फेट्याबरोबर दाढी, तलवार आणि ढाल आली की चित्र छत्रपती शिवाजी महाराजांकडे झुकतं. महाराजांचं नाव आणि चित्र १९५०च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या अनुसूचीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी प्राण्याच्या तोंडाला तो वेश चढवणं कोणालाही रुचणार नाही.

अपंग खेळाडूंचे प्रकार असतील तर त्यांना चित्रात सुरुवातीपासून जागा द्या. पॅरिसच्या दोन फ्रिजपैकी एकीच्या पायाला धावपटूंचं कृत्रिम पातं होतं आणि ते स्पष्ट दिसत होतं. शेवटच्या आठवड्यात व्हीलचेअर डकवलेलं चित्र लगेच ओळखू येतं.

४. रेखाटन

पेन्सिलीने सुरुवात करा. सुपारीएवढी चाळीस छोटी रेखाटनं काढा, प्रत्येकी दोन मिनिटं. त्यातली आठ निवडा आणि पूर्ण काळी भरा. फक्त सावलीवरून शेकरू ओळखू येतो का? येत नसेल तर आत कितीही सुंदर डोळे काढा, लांबून तो साधी खारही वाटेल आणि मांजरही. शेकरूची ओळख तीन ठिकाणी आहे: कानांवरचे केसांचे झुपके, पाठीमागून वर वळलेली जाड शेपटी, आणि वरून गडद तांबूस तर खालून फिकट असं दोन रंगांचं अंग.

आता प्रमाण. इथे बहुतेक नवखे चुकतात, म्हणून गणित करूनच बघा. पोशाखातला कलाकार १६५ सेंटीमीटर उंच धरा. त्याचे खांदे साधारण १३५ सेंटीमीटरवर येतात. खांद्यांवर ६० सेंटीमीटरचं डोकं बसवलं की एकूण उंची १९५, म्हणजे डोकं पूर्ण उंचीच्या एक तृतीयांशाहून जरा कमी. चित्रातही हेच प्रमाण ठेवा. निम्मं डोकं आणि निम्मं अंग असं बाहुलीसारखं चित्र पडद्यावर गोड दिसतं, पण माणसाचे पाय तेवढे आखूड करता येत नाहीत. मग पोशाख चित्राचा चुलतभाऊ वाटतो.

दुसरं गणित नजरेचं. कलाकाराचे डोळे त्या मोठ्या डोक्याच्या खालच्या तिसऱ्या भागात येतात, म्हणजे शुभंकराच्या तोंडापाशी. म्हणून चित्रात तोंड उघडं, हसरं काढा. तिथे काळी जाळी बसते आणि कलाकार तिथूनच बघतो. ओठ मिटलेला शुभंकर म्हणजे आत आंधळा माणूस.

डोळे मोठे ठेवा, बुबुळं किंचित खाली बघणारी, कारण समोर मूल उभं असणार आहे. दात दाखवायचे तर शेकरूचे पुढचे दोनच. सुळे दाखवले की तीन-चार वर्षांची मुलं रडतात. हाताला तीन बोटं आणि अंगठा एवढंच द्या.

मूळ उभं चित्र मंजूर झालं की खेळांच्या मुद्रा काढा. इथे क्रीडाशिक्षकाला शेजारी बसवा. नेहमी आढळणाऱ्या चुका अशा:

- धावताना उजवा हात आणि उजवा पाय एकत्र पुढे. पुढे येतो तो उलट बाजूचा हात.
- खो-खोत बसलेले सगळे एकाच दिशेला तोंड करून. पाठलाग करणारे आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात.
- भाला मुठीत काठीसारखा धरलेला.
- शुभंकर पुरलेल्या मल्लखांबाला नुसता टेकून उभा. मल्लखांब म्हटलं की पकड आणि तोल दिसायलाच हवा.
- शेपटी मुद्रेच्या आड येणारी. कुस्तीच्या चित्रात ती कुठे जाते हे आधीच ठरवा.

ही चित्रं खेळाडूच सगळ्यात बारकाईने बघतात आणि चुकलेली पकड त्यांना टोचते.

५. रंग

चार रंग आणि काळी रेघ, बस्स. एम्ब्रॉयडरीत रंगछटा विरघळत नाहीत आणि स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, वेगळा खर्च. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी आणि पोपटी चाररंगी छपाईत मळकट होतो, म्हणून प्रत्येक रंगाचे पडद्याचे आकडे, छपाईचे आकडे आणि पॅन्टोन क्रमांक (छापखान्यांत सगळीकडे एकच मानलेला रंगाचा क्रमांक) असे तिन्ही लिहून ठेवा. फ्लेक्सवर एक फुटाचा तुकडा छापून उन्हात धरून बघा, तेव्हाच 'ठीक' म्हणा. लाल आणि हिरव्याच्या फरकावर अर्थ उभा करू नका; दर बारा-तेरा पुरुषांमागे एकाला तो फरक नीट दिसत नाही.

रंगांना आठवणी असतात. म्युनिकच्या आयोजकांनी नाझी काळाची आठवण देणारे लाल-काळे टाळले आणि निळा, हिरवा, नारिंगी निवडले. आपल्याकडे कुठला रंग कुठल्या झेंड्याचा, ते तुम्हाला सांगायला नको. दोन रंग जोडताना तेवढं बघा. तिरंगा अंगावर घ्यायचा असेल तर तो कमरेखाली येऊ देऊ नका, नियमात ते बसत नाही.

६. नाव

दोन किंवा तीन अक्षरं, शेवट शक्यतो उघड्या स्वरावर, म्हणजे मैदानात ओरडता येतं. 'मोऽगाऽ' अशी हाक गॅलरीतून मारून बघा. कोकणीत मोग म्हणजे प्रेम, त्यामुळे हाक मारली की अर्थही पोचतो. 'होदोरी'त हो म्हणजे वाघ आणि दोरी हा मुलांच्या नावांत येणारा लाडाचा शब्द. दक्षिण आफ्रिकेच्या २०१०च्या फुटबॉल विश्वचषकाचा 'झाकुमी' हा देशाचा संक्षेप आणि तिथल्या अनेक भाषांतला दहा हा आकडा जोडून झाला. बीजिंग २००८च्या पाच 'फुवां'च्या नावांची अक्षरं जोडली की 'बीजिंग तुमचं स्वागत करतं' असं वाक्य होतं. कल्पना देखणी, पण पाच पात्रं म्हणजे पाच पोशाख आणि पाच कलाकार हे विसरू नका. जिल्हा पातळीवर एकच करा.

नाव पक्कं करण्याआधी ते मराठी, कोकणी, हिंदी, कानडी, गुजराती बोलणाऱ्या निदान पाच जणांना ऐकवा आणि कुठल्या भाषेत त्याचा वाईट अर्थ होतो का ते विचारा. देवनागरी आणि रोमन लेखन एकेकच ठरवा. एका फलकावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर वेगळं, असं फार वेळा होतं.

नावासाठी शाळांमध्ये स्पर्धा घेणं हा उत्तम मार्ग आहे. टोकियो ऑलिंपिक-पॅरालिंपिकच्या 'मिराइतोवा' आणि 'सोमेइटी' या जोडीच्या चित्रांची निवड जपानभरच्या प्राथमिक शाळांनी केली: अंतिम तीन जोड्यांमधून, प्रत्येक वर्गाला एक मत, आणि दोन लाखांहून जास्त वर्गांनी मतदान केलं. ती पद्धत जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. एका मतासाठी वर्गाला आपसात चर्चा करावी लागते आणि शुभंकर घराघरांत पोचतो.

७. मालकीची कागदपत्रं

ही पायरी नीरस वाटते, पण सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

- डिझायनरशी लेखी करार करा. त्यात कॉपीराइट समितीला दिल्याचं स्पष्ट वाक्य, मुदत आणि प्रदेश हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच.
- करारात फाइलींची यादी घाला: मूळ रेखाटनं, थर सुटे असलेली फाइल, व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी). फक्त जेपीजी मिळालं तर पुढे काहीच करता येत नाही.
- चित्रस्पर्धा घेतली असेल तर हक्कांबद्दलची अट प्रवेशिकेवरच छापा आणि विजेत्याशी वेगळा करार करा. विजेता अठरा वर्षांखालचा असेल तर सही पालकांची हवी.
- चित्र संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलंय का, हे लेखी विचारा. अशा चित्राचा कर्ता कोण हा प्रश्न उभा राहतो, आणि ते दुसऱ्या कोणाच्या पात्रासारखं निघण्याची शक्यताही असते. हाताची रेखाटनं मागितली की उत्तर मिळतं.
- नाव आणि चित्र ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा. शोध फुकट आहे. वर्ग २५ कपडे, २८ खेळणी आणि क्रीडासाहित्य, ४१ क्रीडा स्पर्धांचं आयोजन, १६ छापील साहित्य.
- नोंदणी करायची तर ऑनलाइन शुल्क दर वर्गाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये आणि इतर संस्थांसाठी ९,००० रुपये. नोंदणी दहा वर्षांची असते. वर्तुळातलं 'आर' चिन्ह नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावा, तोवर 'टीएम'.
- ऑलिंपिकची पाच वर्तुळं शुभंकराच्या अंगावर किंवा मागे कुठेही नकोत.

एकदाच होणाऱ्या छोट्या स्पर्धेला नोंदणी नसली तरी चालेल. करार मात्र लागतोच.

८. वापराची पुस्तिका

बारा-पंधरा पानं पुरतात. समोरून, बाजूने, मागून आणि तिरकं अशी चार चित्रं एका रेषेत, रंगांचे आकडे, एकरंगी आवृत्ती, छपाईतली सर्वात लहान उंची (२० मिलिमीटरखाली फक्त चेहरा वापरा), भोवतीची मोकळी जागा, आणि 'असं करू नका' हे एक पान: ताणू नका, उलटं फिरवू नका, हातात प्रायोजकाची वस्तू देऊ नका. मागच्या बाजूचं चित्र विसरलं तर शेपटी कुठून सुरू होते हे शिंपी स्वतःच्या मनाने ठरवतो.

९. पोशाख

नाटकाचे, जाहिरातींचे पोशाख करणारे कारागीर हे काम करतात. त्यांना चित्र आणि पुस्तिका दोन्ही द्या, आणि आधी मातीत किंवा थर्माकोलमध्ये हातभर उंचीचा नमुना करून घ्या. कागदावरचा चेहरा गोल वळवला की कसा दिसतो ते इथेच कळतं.

डोकं: आत हलकं हेल्मेट, त्यावर फोमचा सांगाडा, त्यावर कापड. वजन दोन किलोच्या आत. हनुवटीला पट्टा हवाच, नाहीतर उडी मारली की डोकं फिरतं. माथ्यात कानांच्या मागे लपवलेल्या दोन खिडक्या आणि एक छोटा पंखा ठेवा, तो पॉवर बँकेवर चालतो. गरम हवा वर जाते, त्यामुळे पंखा हवा बाहेर फेकणारा लावा. डोक्याची रुंदी ७० सेंटीमीटरच्या आत, म्हणजे तो साध्या दारातून जाईल आणि गाडीतही मावेल.

अंग: लांब केसांची फर आपल्या हवेत नको. आखूड केसांचं कापड किंवा फ्लीस घ्या. आत सुती अस्तर वेगळं काढता येईल असं, आणि अस्तराचे तीन संच. पाठीवर लांब चेन, तिच्यावर कापडाची झडप. पूर्ण पोशाख सात किलोपर्यंत ठेवा.

शेपटी: शेकरूच्या बाबतीत हाच अवघड भाग. शेपटी पोशाखाच्या कापडाला शिवू नका. आत कमरेला रुंद पट्टा, शेपटी त्या पट्ट्याला, आणि कापडातल्या फटीतून बाहेर. म्हणजे कोणी ओढली तर जोर पट्ट्यावर येतो, शिवण उसवत नाही. लांबी ८० ते ९० सेंटीमीटर, आत हलकं फायबर, टोक जमिनीपासून निदान १५ सेंटीमीटर वर. चित्रातली शेपटी यापेक्षा मोठी असली तरी इथे तडजोड करा. मागे उभ्या असलेल्याच्या तोंडावर ती बसता कामा नये.

पाय: मोठे पंजे कलाकाराच्या स्वतःच्या बुटांवर चढवा आणि खाली रबरी तळ लावा. ओल्या सिंथेटिक ट्रॅकवर फोम घसरतो.

दोन फिटिंग घ्या. दुसऱ्या वेळी कलाकाराला दहा पायऱ्या चढायला-उतरायला, बसायला, नमस्कार करायला आणि मदतीशिवाय डोकं काढायला लावा. शेवटची गोष्ट पाच सेकंदांत जमली नाही तर पोशाख परत पाठवा.

१०. मैदानावर

कलाकार एकटा कधीच नको. सोबत एक साथीदार, साध्या कपड्यात, ज्याचं लक्ष फक्त शुभंकराकडे. दोघांच्या तीन खुणा ठरलेल्या असाव्यात: पाणी हवं, बाहेर जायचंय, लगेच डोकं काढ. आतून बोलायचं नाही, फोनवर तर नाहीच.

पाळी वीस मिनिटांची, नंतर चाळीस मिनिटं विश्रांती. एप्रिल-मेच्या उन्हात दहा मिनिटंच, आणि दुपारी बारा ते चार पोशाख बाहेर काढूच नका. आलटून-पालटून दोन कलाकार ठेवा, उंची सारखी. पाळीआधी आणि नंतर पाणी, ओआरएस. चक्कर, मळमळ, घाम एकाएकी थांबणं यांपैकी काहीही झालं की मुलांसमोरच का होईना, डोकं काढा. एरवी मात्र लोकांसमोर डोकं काढायचं नाही. त्यासाठी बंद खोली आधीच राखून ठेवा.

क्रीडाज्योत, कोल्ड फायर आणि फटाके यांपासून शुभंकर निदान दहा मीटर लांब. फोम आणि फ्लीस पटकन पेटतात आणि आतल्याला ते उशिरा कळतं. उद्घाटनाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याला हे लेखी द्या, कारण 'शुभंकराच्या हाती मशाल' ही कल्पना हमखास निघते.

मुलांशी वागताना गुडघ्यावर बसावं आणि मुलाने आधी हात पुढे करू द्यावा. कोणालाही उचलून घ्यायचं नाही. पदक देण्याच्या वेळी शुभंकर व्यासपीठाच्या एका कडेला. मधली जागा खेळाडूची.

११. रोज रात्री आणि स्पर्धा संपल्यावर

अस्तर रोज धुवा. डोक्याच्या आत जंतुनाशक फवारा मारून ते उलटं ठेवा आणि रात्रभर पंख्यासमोर वाळवा. बंद पेटीत ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशीच वास धरतं. उसवलेलं त्याच रात्री शिवा, त्यासाठी त्याच रंगाचा दोरा, अर्धा मीटर कापड आणि फोम चिकटवायचं रबरी सोल्युशन पेटीत असू द्या.

समारोपानंतर पोशाख ड्रायक्लीन करून, डोक्यात कागदाचे बोळे भरून, कापडी पिशवीत उंचावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोम दोन पावसाळ्यांत पिवळा पडून चुरा होतो. सगळ्या मूळ फाइली, करार, रंगांचे आकडे आणि पोशाखाची मापं एका पेन ड्राइव्हवर आणि एका छापील फाइलमध्ये क्रीडा कार्यालयात नोंदवून द्या, पोचपावतीसह. पुढच्या वर्षी समिती बदललेली असते आणि तेव्हा पहिला फोन 'चित्र कोणाकडे आहे?' हे विचारायलाच येतो.